कापडाच्या गासडीतला नवा करार

साल १५२६, लंडन. थेम्सच्या धक्क्यावर गलबतातून कापडाच्या गासड्या उतरताहेत आणि त्यातली एक तुमच्या पाठीवर आहे. नेहमीपेक्षा जड. तुम्ही मुकादमाकडे पाहता, तो नजर वळवतो. तुम्हीही काही विचारत नाही.

रात्री गोदामाचं दार आतून लावून मालक गासडी उसवतात. कापडाच्या घड्यांमध्ये छापील ताव दडवलेले आहेत. बांधणी नाही, पुठ्ठा नाही. एक ताव तीनदा दुमडला की सोळा पानं होतात. सगळे ताव दुमडून शिवले, की अंगरख्याच्या आत सहज लपेल एवढं पुस्तक. बायबलचा नवा करार, इंग्रजीतला.

बायबल तुम्ही आजवर लांबूनच पाहिलंय, वेदीवर ठेवलेलं. ऐकलंय ते लॅटिनमध्ये. गुडघे कधी टेकायचे, कधी उठायचं, हे तुम्हाला पाठ आहे. शब्द मात्र डोक्यावरून जातात. बिशपच्या परवानगीशिवाय इंग्रजी बायबल करायला आणि वाचायला बंदी आहे, तीही शंभराहून जास्त वर्षं. सात वर्षांपूर्वी कॉव्हेंट्रीत काही जणांना जिवंत जाळलं. मुलांना प्रभूची प्रार्थना इंग्रजीत शिकवली एवढाच त्यांचा गुन्हा होता, असं लोक दबक्या आवाजात सांगतात.

मालक मेणबत्ती जवळ ओढून वाचायला लागतात. तुम्हाला अक्षरओळख नाही, पण कान आहेत. एक माणूस बी पेरायला निघतो. काही दाणे वाटेवर पडतात, काही खडकावर, काही काट्यांत. तुमचा बाप शेतकरी होता. वाया गेलेलं बियाणं म्हणजे काय ते तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. येशू तुमच्या गावच्या माणसांसारखा बोलतोय. वचनांना आकडे घालायची पद्धत अजून आलेली नाही, त्यामुळे गोष्ट कुठे अडत नाही, सलग ऐकू येते. हात पुसत आलेली स्वयंपाकीण दारातच उभी राहिलीय.

"मालक, तेवढं मघाचं पुन्हा वाचता का?"

ते पुन्हा वाचतात. छापील पुस्तकाची सगळी थोरवी मला या क्षणात दिसते. पुस्तक एकाच्या हातात असतं आणि खोलीतल्या सगळ्यांचं होतं.

"हे लिहिलं कुणी?" तुम्ही विचारता. पुस्तकावर नाव नाही. मालक दाराकडे बघून हळूच सांगतात, विल्यम टिंडेल. ग्लॉस्टरशरकडचे, ऑक्सफर्डला शिकलेले. १५२३ मध्ये ते लंडनचे बिशप टन्स्टल यांच्याकडे आश्रय मागायला गेले. बिशपनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. हम्फ्री मन्मथ या कापड व्यापाऱ्यानं त्यांना घरात ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी टिंडेल जर्मनीला गेले आणि मूळ ग्रीकवरून त्यांनी हा करार इंग्रजीत आणला. कलोनमध्ये छपाई सुरू झाली, पण दारूच्या नशेत छापखान्यातली माणसं बोलून गेली. छापलेले ताव घेऊन टिंडेलना ऱ्हाईन नदीतून वर्म्स गाठावं लागलं. तिथे पेटर शोफरच्या छापखान्यात काम तडीस गेलं.

ऑक्टोबरात सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या आवारात तुम्ही गर्दीत उभे आहात. टन्स्टल प्रवचन देतात, पुस्तकात चुकाच चुका आहेत म्हणतात, आणि मग प्रती आगीत पडतात. हे बिशप अडाणी नाहीत. ते नामवंत पंडित इरॅस्मसचे मित्र, ग्रीकचे जाणकार. ज्या ग्रीक पुस्तकावरून टिंडेलनी काम केलं ते इरॅस्मसनंच छापून काढलेलं होतं. स्वतःला जे वाचता येतं ते हमालाच्या आणि स्वयंपाकिणीच्या कानावर पडू नये, असं इतक्या विद्वान माणसाला वाटावं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

गासड्या मात्र येत राहतात, आणि तुम्ही त्या उचलत राहता.

१५३५ मध्ये अँटवर्पला दगा होऊन टिंडेल पकडले जातात. ब्रुसेल्सजवळच्या व्हिल्वोर्ड किल्ल्यातल्या कोठडीतून ते पत्र लिहितात: थंडी फार आहे, उबदार टोपी द्या, संध्याकाळी दिवा द्या, आणि सगळ्यात आधी हिब्रू बायबल, व्याकरण आणि शब्दकोश द्या, म्हणजे अभ्यास चालू ठेवता येईल. १५३६ मध्ये त्यांना गळा आवळून मारतात आणि प्रेत जाळतात.

मग १५३९ उजाडतं. राजाच्याच हुकमानं चर्चमध्ये भलंमोठं इंग्रजी बायबल आलंय. तुमचे केस पिकलेत. कुणीतरी मोठ्यानं वाचतंय आणि तुम्ही दचकता, कारण पुढचं वाक्य तुम्हाला आधीच ठाऊक आहे. त्या रात्री गोदामात ऐकलेलीच ही भाषा, थोडीफार बदललेली. टिंडेलचं नाव याही पुस्तकावर नाही. १६११ च्या प्रसिद्ध किंग जेम्स बायबलमधल्या नव्या कराराचा बहुतांश भाग त्यांच्याच शब्दांत आहे.

वर्म्सला छापलेल्या त्या पुस्तकाच्या आज तीनच प्रती माहीत आहेत. एक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, एक जर्मनीत श्टुटगार्टला आणि एक सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या ग्रंथालयात.