एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात

तंत्रनिकेतनात मी मशीन शॉप शिकवलं. सँडविच डिप्लोमाची मुलं सहा महिने कारखान्यात काढून परतली, की ड्रॉइंगवरच्या ०.०२ मिलिमीटर टॉलरन्सकडे त्यांची बघण्याची नजरच पालटलेली असे. या पद्धतीचा उगम अमेरिकेतल्या सिनसिनाटीत आहे, आणि तो इतिहास प्रत्येक प्राचार्याला माहीत असायला हवा.

या पद्धतीचा जनक हर्मन श्नायडर १८७२ साली पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा-मुलखात जन्मला. लीहाय विद्यापीठात शिकताना तो एका आर्किटेक्टच्या कचेरीतही काम करायचा. पुढे तिथंच शिकवू लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की पदवीनंतर ज्यांनी नाव काढलं त्यांतले बहुतेक शिकता शिकता कुठं ना कुठं राबलेले होते. विद्यापीठाशेजारी बेथलेहेमचा पोलाद कारखाना धडधडत होता. एवढी मोठी प्रयोगशाळा दाराशी असताना मुलांनी चार भिंतींतच का शिकावं?

१९०३ साली तो सिनसिनाटीला, तिथल्या विद्यापीठात शिकवायला आला. ओहायो नदीकाठचं हे गाव म्हणजे लेथ आणि मिलिंग मशीन बनवणाऱ्यांचं माहेरघर. मुलांनी वर्गाबरोबर कारखान्यातही शिकावं, या त्याच्या कल्पनेला कारखानदार राजी झाले. विद्यापीठाच्या विश्वस्तांनी मात्र वर्षभरापुरती परवानगी दिली आणि प्रयोग फसला तर जबाबदारी आमची नाही, असं ठरावातच लिहून ठेवलं!

सप्टेंबर १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांनिशी सुरुवात झाली. मुलांच्या जोड्या लावल्या होत्या. एक आठवडाभर वर्गात, दुसरा कारखान्यात, मग अदलाबदल. त्यामुळे मशीनवरची जागा कधी रिकामी राहत नसे. अभ्यासक्रम सहा वर्षांचा झाला, पण कामाची मजुरी मिळायची. मला सर्वांत मोलाची वाटते ती को-ऑर्डिनेटरची नेमणूक. हा शिक्षक शॉप फ्लोअरवर जाऊन मुलाचं काम बघायचा आणि वर्गातल्या गणिताशी, धातुशास्त्राशी त्याचा सांधा जुळवायचा. हा माणूस काढून घेतला, तर मागं उरते ती निव्वळ हरकाम्याची नोकरी.

१९०९ साली बोस्टनच्या नॉर्थईस्टर्ननं हा मार्ग धरला. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठ १९५७ साली याच पायावर उभं राहिलं. आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. १९७३ च्या दुरुस्तीनं पदवी आणि पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले, आणि त्याच वर्षी पिलानीच्या बिट्समध्ये प्रॅक्टिस स्कूल सुरू झालं. तिथं विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकही कारखान्यात जातात. श्नायडरचं मर्म त्यांनी नेमकं उचललं, असं मी मानतो.

आता बहुतेक अभ्यासक्रमांत इंटर्नशिपला क्रेडिट आहेत. पण महिनाभर फोटोकॉपी काढून सर्टिफिकेट घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, तू तिथं शिकलास काय? महाविद्यालयांनी एवढं तरी करावं: निदान एका शिक्षकाच्या वेळापत्रकात कारखान्याच्या फेरीचे तास घालावेत, आणि ते तास त्याच्या कामाच्या भारात धरावेत.