तीनशे माश्या आणि दोन चमचे पिठीसाखर

मधपेटीतली पिलाव्याची, म्हणजे अंडी-अळ्यांची, चौकट उचलायची. राणी तिच्यावर नाही ना, हे दोनदा पाहायचे. इथे घाई झाली तर पुढचे सगळे मुसळ केरात. मग माश्या ट्रेमध्ये झटकून अर्धा कप भरायचा आणि जाळीच्या झाकणाच्या बरणीत ओतायचा. अर्धा कप म्हणजे साधारण 300 माश्या. वर दोन मोठे चमचे पिठीसाखर. बरणी हळूच घोळवायची, दोन-तीन मिनिटे सावलीत ठेवायची, मग उलटी धरून पांढऱ्या ताटावर जोरजोरात हलवायची. साखरेबरोबर लालसर तपकिरी ठिपके पडतात, मोहरीच्या दाण्याएवढे पण चपटे. पाणी शिंपडले की साखर विरते, ठिपके उरतात. ते मोजायचे.

हा ठिपका म्हणजे व्हरोआ. मिरची-वांग्यावरच्या ज्या किडीला आपले शेतकरी ‘लाल कोळी’ म्हणतात, तिचा दूरचा भाऊबंद. 1904 साली डच प्राणिशास्त्रज्ञ आऊडेमान्स यांनी जावा बेटावरून आलेल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले आणि मार्कुस व्हारो या रोमन पंडिताचे नाव त्याला दिले. व्हारोने ऐंशीच्या घरात असताना लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात मधमाश्यांच्या षट्कोनी घरांची वाखाणणी आहे. त्याच घरांत शिरून पिल्लांवर पोसणाऱ्या जिवाला त्याचे नाव मिळावे, हा बारसे करणाऱ्याचा खोडसाळपणा की निव्वळ योगायोग, कोण जाणे.

जावात हा कोळी ज्या माशीवर सापडला, ती आपल्या सातेरी मधमाशीच्याच जातीची. व्हरोआ आणि ती जुने शेजारी. तिच्या पोळ्यात त्याची वीण जवळजवळ फक्त नरांच्या घरांत होते, आणि नर वाढवण्याचा हंगाम थोडा. शिवाय सातेरीच्या कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरून कोळी वेचून टाकतात. तपासणी रोजचीच, तीही घरच्या घरी. म्हणूनच वर्णन झाल्यावरही कित्येक दशके व्हरोआ मोजण्याची गरज कुणाला पडली नाही.

गरज पडली ती युरोपीय माशीमुळे. ही मेलिफेरा माशी माणसांबरोबर रशियाच्या अतिपूर्वेला आणि जपानमध्ये गेली, सातेरीच्या शेजारी राहिली आणि कोळ्याने घर बदलले. नव्या घरी कामकरी माश्यांच्या पिल्लांवरही त्याची वीण होऊ लागली. अंगावर तो पंख आखडवणारा विषाणूही नेत असे. पेट्यांच्या आणि राण्यांच्या व्यापाराने पुढचा प्रवास सोपा केला: 1977 मध्ये जर्मनी, 1987 मध्ये अमेरिका, 1992 मध्ये इंग्लंड, 2000 मध्ये न्यूझीलंड. त्याच 2000 साली ऑस्ट्रेलियाचे डेनिस अँडरसन यांनी दाखवले की जगभर नासधूस करणारा कोळी आऊडेमान्सच्या कोळ्याहून वेगळ्या जातीचा आहे. नवे नाव पडले ‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’. या खेपेला खोडसाळपणा नव्हता.

कोळी शोधायची पहिली अवजारे हाताशी असतील तीच होती. मधाच्या घरांची झाकणे काढायचा बारीक दात्यांचा काटा नरांच्या बंद घरांत खुपसायचा आणि पांढरी पिल्ले बाहेर ओढायची. पांढऱ्यावर लाल लगेच दिसते. नर माशी घडायला कामकरीपेक्षा सुमारे तीन दिवस जास्त लागतात, म्हणून कोळ्याची पसंतीही तिलाच. दुसरी रीत पेटीच्या तळाशी चिकट कागद सरकवून गळालेले कोळी मोजण्याची. अमेरिकेत कुणी पेटीत तंबाखूचा धूर सोडला: झिंगलेले कोळी कागदावर टपटप पडत. मग बरणीत मोटारीचे इंजिन सुरू करायचा ईथरचा फवारा आला. माश्या मरत, कोळी काचेला चिकटत, आणि जवळ धुराचे भांडे पेटलेले असेल तर मधपाळाचीच परीक्षा होई.

ईथर मागे पडले, अल्कोहोल टिकले. अल्कोहोलमध्ये माश्या खळखळून धुतल्या की कोळी सुटून तळाशी बसतात. आकडा भरवशाचा, पण 300 माश्या जातात. भर हंगामात राणी दिवसाला हजारावर अंडी घालते, म्हणजे ही तूट काही तासांची. हिशेब पटतो, हात मात्र अडतो.

या अडलेल्या हातातून पिठीसाखर आली. 2000 च्या सुमारास नेब्रास्का विद्यापीठात मॅरियन एलिस आणि सहकाऱ्यांनी ती रीत नीट बसवली. कोळ्याच्या पायांना चिकट गाद्या असतात. भुकटीने त्यांची पकड सुटते. माश्या मात्र जगतात. मिनेसोटात 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एका चौकटीवरच्या 300 माश्या एका पेटीच्या अंदाजाला पुरतात, हेही दाखवले. अनेक ठिकाणी शंभरी तीन, म्हणजे 300 मागे नऊ कोळी सापडले की उपचाराची वेळ झाली असे धरतात. माझे मत विचाराल तर साखरेवर आंधळा विश्वास नको. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती गोळा होते, आणि हात आखडता घेतला तर निम्मे कोळी माश्यांवरच राहतात. शिवाय ताटातला आकडा फक्त उघड्यावरच्यांचा. पिलावा भरात असताना बरेचसे कोळी झाकणबंद घरांत असतात. त्यांना ना साखर पोचते, ना अल्कोहोल.

ऑस्ट्रेलिया या सगळ्यातून बरीच वर्षे सुटली होती. बंदरांवर तिने पहाऱ्याच्या पेट्या ठेवल्या होत्या. जहाजातून चोरून आलेला कोळी आधी तिथे सापडावा म्हणून. जून 2022 मध्ये न्यूकॅसल बंदरातल्या अशाच पेट्यांत तो सापडला. पेट्या नष्ट करून त्याला संपवायचा प्रयत्न वर्षभराहून जास्त चालला आणि सप्टेंबर 2023 मध्ये सोडून दिला गेला. आता तिथल्या मधपाळालाही बरणी जवळ ठेवावी लागते.

मोजणी संपली की बरणीतल्या माश्या पेटीत परत ओततात. पीठगिरणीतून बाहेर आल्यासारख्या त्या पांढऱ्याफटक दिसतात. आतल्या बहिणी जमतात आणि त्यांना चाटूनपुसून साफ करतात.