२१८ गुण मिळवून हरलेला फेडरर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला: फेडरर, नदाल, जोकोविच यांच्यात भारी कोण, ते एकदाचं आकड्यांनी सांगून टाक. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून लोकांना वाटतं माझ्याकडे याचं उत्तर देणारा एखादा प्रोग्राम असेल. तसा काही नाही. पण टेनिसमध्ये मोजामोजी कशी सुरू झाली आणि त्या मोजण्यातून नक्की काय कळतं, ते आज सांगतो.

सुरुवात धुळ्यातल्या आमच्या घरापासून. १४ जुलै २०१९, रविवार. लॉर्ड्सवर क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल आणि तिकडे विम्बल्डनची फायनल, दोन्ही एकाच संध्याकाळी. भारत सेमीफायनलला हरल्यामुळे आप्पा क्रिकेटवर रुसले होते, आणि एरवीही ते फेडररचे भक्त. त्यामुळे रिमोट कोणाकडे हे वेगळं सांगायला नको. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याची, स्कोअर ४०-१५. दोन चॅम्पियनशिप पॉइंट. दोन्ही गेले. ४ तास ५७ मिनिटांनंतर जोकोविच पाचवा सेट १३-१२ ने जिंकला. आप्पांच्या ताटातली कळण्याची भाकरी तशीच राहिली.

सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, हे बघा. एकूण गुण: फेडरर २१८, जोकोविच २०४. विनर ९४ विरुद्ध ५४. एस, म्हणजे समोरच्याची रॅकेटही न लागलेली सर्व्हिस, २५ विरुद्ध १०. समोरच्याची सर्व्हिस तुमच्या माणसाने सात वेळा मोडली, त्याने फक्त तीन वेळा. आप्पांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "आकडा ऱ्हाऊ दे रे भाऊ, कोन जिकना ते सांग."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी इतिहासात मागे मागे गेलो, तर थेट १८७७ ला पोचलो.

१८७७ म्हणजे पहिलं विम्बल्डन. खेळाडू होते २२. रेफ्री हेन्री जोन्स. हा पेशाने डॉक्टर, पण 'कॅव्हेंडिश' या टोपणनावाने पत्त्यांच्या खेळावर लिहिणारा. पत्ते खेळणाऱ्याला मोजायची सवय असतेच. स्पर्धा संपल्यावर त्याने हिशोब केला: एकूण गेम ६०१, सर्व्हिस करणाऱ्याने जिंकलेले ३७६, समोरच्याने जिंकलेले २२५. म्हणजे शंभरातले बासष्ट-त्रेसष्ट गेम सर्व्हिसवाल्याचे. तेव्हा सर्व्हिस खालून किंवा फार तर खांद्याच्या उंचीवरून मारायचे, तरी ही परिस्थिती! मग पुढच्याच वर्षी सर्व्हिसच्या चौकोनाची लांबी २६ फुटांवरून २२ फुटांवर आणली आणि जाळीही खाली घेतली. आज ती लांबी २१ फूट आहे.

म्हणजे बघा, टेनिसमधली आकडेवारी पहिल्या विम्बल्डनइतकीच जुनी. आणि तिचं पहिलं काम कोण श्रेष्ठ हे ठरवण्याचं नव्हतंच. खेळ एका बाजूला झुकतोय का, ते बघायचं होतं.

पुढे कॉम्प्युटर आले. पुरुषांच्या एटीपी टूरची सर्व्हिसची आकडेवारी १९९१ पासूनची मिळते. मग हाय-स्पीड कॅमेरे आले. जॉन यँडेल यांनी चेंडूची फिरकी मोजली, तेव्हा नदालच्या फोरहँडचा चेंडू मिनिटाला सरासरी सुमारे ३२०० वेळा फिरतो असं दिसलं. फेडररचा सुमारे २७००, आणि आधीच्या पिढीतल्या सॅम्प्रस-अगासीचा १८००-१९०० च्या आसपास. नदालचा चेंडू टप्पा पडल्यावर खांद्यापर्यंत का उसळतो, त्याचं बरंचसं उत्तर या एका आकड्यात आहे. इथे आकडा फार कामाचा. तो शैली दाखवतो.

पण शैली वेगळी आणि निकाल वेगळा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आपल्या बालेवाडीत. ५ जानेवारी २०१९, पुण्याच्या महाराष्ट्र ओपनची फायनल. एकीकडे केविन अँडरसन, दुसरीकडे इवो कार्लोविच. वय ३९, उंची ६ फूट ११ इंच. त्याची सर्व्हिस म्हणजे गच्चीवरून टाकलेला दगड. तीन सेट, तिन्ही टायब्रेकमध्ये: ७-४, २-७, ७-५. बेरीज करा. टायब्रेकमध्ये दोघांचे गुण १६-१६! चषक मात्र अँडरसनचा. याच कार्लोविचने २००९ च्या डेव्हिस कपमध्ये एका सामन्यात ७८ एस मारले होते, आणि तो सामनाही तो हरला होता.

हे आपल्या निवडणुकीसारखं आहे. राज्यभर मतं जास्त मिळाली तरी जागा कमी येऊ शकतात. टेनिसमध्ये गुण गेममध्ये बंद होतात, गेम सेटमध्ये. एक सेट ६-१ ने जिंकलात काय किंवा ७-६ ने, मोजला एकच जातो. त्या फायनलमध्ये दुसरा सेट फेडररने ६-१ ने घेतला, पण जोकोविचने तिन्ही टायब्रेक घेतले. आणि त्या तीन टायब्रेकमध्ये त्याने स्वतःहून केलेली चूक एकही नाही. फेडररच्या अकरा. २१८-२०४ च्या बेरजेत हे दिसत नाही.

आणि त्याच रात्री लॉर्ड्सवर काय झालं आठवतं ना? सामना टाय, सुपर ओव्हर टाय, मग मोजले चौकार-षटकार. इंग्लंड २६, न्यूझीलंड १७. इंग्लंड जगज्जेता. तीन महिन्यांत आयसीसीने तो नियमच काढून टाकला. तिकडे बेरजेने चषक दिला, इकडे बेरजेला कोणी विचारलं नाही. काय मोजायचं हे आधी माणसंच ठरवतात.

हे मला नीट पटलं ते ऑफिसमध्ये. एका वर्षी अप्रेझलला माझी बंद केलेली तिकिटं टीममध्ये सगळ्यात कमी निघाली. एक जुना, किचकट बग सोडवण्यात माझे महिने गेले होते, पण त्या रकान्यात तो 'एक' होता. आप्पांसमोर मी फेडररची बेरीज ठेवली होती, माझ्यासमोर मॅनेजरने माझी ठेवली. तेव्हा मला म्हणावंसं वाटलं, आकडा राहू द्या, काम काय झालं ते बघा.

आता शेवटचं. २०२४ च्या जूनमध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात फेडररने स्वतःचेच आकडे सांगितले: १५२६ एकेरी सामने, जवळपास ८० टक्के जिंकलेले, पण गुण जिंकले फक्त ५४ टक्के. मी लगेच आप्पांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, म्हणजे शंभरातले शेहेचाळीस तो गमवायचा? मी म्हटलं, हो. तर म्हणाले, हा आकडा मात्र लिहून ठेव, आणि दिवाळीला येशील तेव्हा ती फायनल परत लाव. या वेळी बघतो.

तर भारी कोण, हे आजही सांगितलं नाही. तुमच्या घरात कोणाचा भक्त आहे, ते मात्र कळवा. भेटू पुढच्या भागात.