खोपोलीची वीज आणि घरातील सूर

बोरघाटाच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण आदी तलावांचे पाणी नळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली आणून त्यावर यंत्रे फिरवायची, ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ साली निवर्तले. त्यांचे स्वप्न पुत्र दोराबजींच्या काळात साकार झाले. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. ही वीज मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली. ज्या वाड्यावस्त्यांवरून तारा गेल्या, तेथे मात्र कंदील पुढे अनेक वर्षे तेवत राहिले. १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यावर ग्रामीण विद्युतीकरणाने वेग घेतला.

हा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्या विजेबरोबर घरात आलेल्या आवाजाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. योगायोग असा, की त्यानंतर दहाच दिवसांनी, २ ऑगस्ट रोजी, अमेरिकेत हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत बसला होता. तेथे त्याला एक युक्ती सुचली आणि ती त्याने हातातील वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली. ध्वनिवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा अंश उलट करून पुन्हा आत सोडावा. त्यामुळे वर्धन कमी होते, परंतु यंत्राने स्वतः मिसळलेले दोष बऱ्याच अंशी पुसले जातात. या तत्त्वावर १९४७ साली इंग्लंडात विल्यमसन यांनी आपला प्रसिद्ध ध्वनिवर्धक मांडला. १९५४ साली मुलार्ड कंपनीने पाच व्हॉल्व्हमधून दहा वॅट देणारा आराखडा प्रसिद्ध केला. असे आराखडे नियतकालिकांतून जगभर गेले आणि हौशी माणसे घरीच अ‍ॅम्प्लिफायर बांधू लागली.

आपल्याकडे परदेशी यंत्रे आयात करण्यावर कडक निर्बंध होते. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर बनविण्यास आरंभ केला. सुटे भाग हवे असल्यास मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागे. कर्जतकरांना निदान रेल्वेची सोय होती. अनेक कुटुंबांचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे टेबलावरील व्हॉल्व्हचा रेडिओच. पुष्कळ संचांच्या पाठीमागे ग्रामोफोनची पिन लावण्यासाठी दोन छिद्रे असत. तबकडीचे गाणे रेडिओच्या कर्ण्यातून ऐकू आले, की घर भरून जाई.

मात्र गाण्यामागे एक घरघर असे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते, तिचाच तो आवाज. चांगला कारागीर ती कानाने ओळखी. खालच्या पट्टीतील, ५० आवर्तनांची घरघर असेल तर दोष बहुधा तारांच्या मांडणीत किंवा जोडणीत असतो. एक सप्तक वर, म्हणजे १०० आवर्तनांची असेल, तर वीज गाळणारा कंडेन्सर सुकलेला असतो. तो बदलावा, व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारा एकमेकींना पीळ देऊन बसवाव्यात, सर्व भूजोड एकाच ठिकाणी आणावेत, एवढ्याने जुना संच स्वच्छ बोलू लागे. पावसाळ्यात आवाजाचे बटण खरखरे, ते केवळ पुसून ठीक होई.

कर्ण्याच्या तारेचेही तसेच. दहा मीटर अंतरावर अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर जाऊन-येऊन सुमारे ०.७ ओहम रोध होतो. आठ ओहमच्या कर्ण्यासाठी तो थोडाथोडका नाही. अडीच चौरस मिलिमीटरची साधी घरगुती तार वापरली, की तो ०.१४ वर येतो. यासाठी महागड्या तारांची गरज नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. घरघर जावी म्हणून काही जण प्लगची तिसरी, भूजोडाची पिन काढून टाकतात. घरघर थांबतेही, पण संचात बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरली, तर तिला जमिनीत जाण्याचा मार्ग उरत नाही. मग ती हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते, आणि तो हात घरातील लेकराचाही असू शकतो. व्हॉल्व्हच्या संचात अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते काही काळ साठून राहतात. म्हणून पेटी जाणकारानेच उघडावी.

असे जाणकार आता थोडे उरले आहेत. त्यांची विद्या पुस्तकांत कमी आणि त्यांच्या कानांत व बोटांत अधिक आहे. खोपोलीचा इतिहास लिहिला गेला, कारण तो मोठ्या घराण्याचा आणि मोठ्या धरणांचा होता. गावातील रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा इतिहास लिहायला कोणी बसलेले नाही. आपल्या घरी माळ्यावर जुना संच असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी अशा एखाद्या वृद्ध कारागिराला दाखवावा. आणि तो काम करीत असताना घरातील तरुणाने वही घेऊन शेजारी बसावे.