सवलत कमावत्याची, फी विद्यार्थ्याची

शिक्षणावरची करसवलत विद्यार्थ्यासाठी असते, असा आपला समज असतो. तिचे कूळ पाहिले तर ती शिकणाऱ्यासाठी नव्हे, शिकून कमावू लागलेल्यासाठी जन्माला आली. १९९४ साली डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना आयकर कायद्यात कलम ८०-ई आले. ज्याने स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज काढले, त्याने नोकरीला लागून हप्ते फेडले की मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाला २५ हजारांपर्यंत रक्कम उत्पन्नातून वजा व्हायची. पुढे ही मर्यादा ४० हजार झाली. मुलासाठी वडिलांनी फेडलेले कर्ज यात बसत नव्हते. शिक्षणही मोजकेच धरले होते: अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन आणि विज्ञान-गणिताचे पदव्युत्तर अभ्यासक्रम. २००५ मध्ये मुद्दल वगळले गेले आणि व्याजावरची मर्यादा उठली. २००७ मध्ये पती-पत्नी आणि मुले यांच्यासाठीचे कर्ज धरले जाऊ लागले. बारावीनंतरचा कोणताही अभ्यासक्रम चालेल, हे २००९ मध्ये ठरले. साधे बी.ए. करणारी मुलगी या कलमात यायला पंधरा वर्षे गेली.

फीच्या सवलतीची कथा मला अधिक बोचते. २००३ मध्ये कलम ८८ खाली दोन मुलांची फी, प्रत्येकी १२ हजारांपर्यंत, सवलतीस पात्र ठरली. ही सूट थेट करातून मिळायची. दीड लाखापर्यंत उत्पन्न असलेल्याला २० टक्के, त्यावर पाच लाखांपर्यंत १५ टक्के आणि त्याहून वर काहीच नाही. ज्याची मिळकत कमी, त्याला जास्त, असा तो हिशेब होता. २००५ मध्ये ८८ जाऊन ८०-सी आले आणि फी उत्पन्नातून वजा होऊ लागली. आता जुन्या करप्रणालीत ५० हजार फी भरणारा वीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याचे दहा हजार वाचतात आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे पंधरा हजार. एकाच वर्गातल्या दोन मुलांची फी सारखी, पण जास्त मिळकतीच्या घराला सरकारचा हातभार दीडपट.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला हा भेद स्पष्ट दिसतो. तिथल्या १२०० मेगावॉटच्या वीज प्रकल्पात किंवा बंदरात पगारावर असलेल्याच्या हाती फॉर्म १६ येतो. जुनी करप्रणाली निवडली असेल तर त्याला फी दाखवता येते. आंबा बागायतदाराचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त. मासेमारी कायद्याने शेती नाही, पण डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशांचा वाटा वजा जाता छोट्या होडीवाल्याकडे कर लागण्याइतके उरतच नाही. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि रत्नागिरीतल्या कॉलेजची फी भरायची ती नेमकी त्याच दोन महिन्यांत. या घराला ८०-सी काय किंवा ८०-ई काय, दोन्ही सारखीच परकी. त्याला उपयोगी पडते ती दुसऱ्याच कुळातली सवलत, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फीसवलत म्हणजे ई.बी.सी. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वार्षिक १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना ती मिळू लागली. तिथे विचारले जाते ते घरात किती येते, कर किती भरता हे नाही. म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तिथे चालतो. आज तिची मर्यादा आठ लाख आहे आणि २०२४-२५ पासून त्या मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ आहे.

जो कर भरत नाही त्याला करात सवलत कशी देणार, असा आक्षेप येईल. अमेरिकेने ती दिली आहे. तिथे १९९७ मध्ये महाविद्यालयीन खर्चासाठी थेट करातून सूट सुरू झाली. २००९ मध्ये तिचा ४० टक्के भाग, एक हजार डॉलरपर्यंत, कर शून्य असला तरी रोख मिळू लागला. ई.बी.सी. असताना आणखी कशाला, हा दुसरा आक्षेप. पण फीमाफीने खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे सुटत नाहीत. त्यासाठीच कर्ज काढावे लागते. २००९ मध्येच केंद्राने साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिकत असतानाच्या काळातले व्याज स्वतः भरायला सुरुवात केली, तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. नव्या करप्रणालीत ८०-सी आणि ८०-ई दोन्ही नाहीत. त्यातून सरकारचा जो कर वाचतो, तो या व्याजमाफीकडे वळवावा आणि बी.ए., बी.कॉम.च्या मुलांनाही तीत घ्यावे.