धाब्याच्या छतातील उजेड

अमरावती-अकोला भागात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर चढतो, आणि म्हणूनच वऱ्हाडातील जुन्या घरबांधणीत धाबे, म्हणजे लाकूड व माती यांचे सपाट छत, दीर्घकाळ टिकून राहिले. तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा कामट्या, मग पाल्याचा थर आणि सर्वांत वर मातीचा जाड लेप अशी त्याची रचना असे. या मातीतून उष्णता सावकाश झिरपत असल्याने दुपारची धग खोलीत पोचेपर्यंत दिवस कलू लागे. त्यासाठी पांढरी, म्हणजे गावठाणातील पांढुरकी माती वापरीत, कारण शेतातील काळी माती उन्हात भेगाळते.

अशा छताला उजेडासाठी भोक ठेवणे हे खरे कसबाचे काम होते, कारण पावसाचे पाणी नेमके तेथूनच आत शिरते. भोकाभोवती मातीची उंच कड घालीत, कधी बूड फोडलेले मडके त्यात बसवीत आणि पावसाळ्यात त्यावर झाकण ठेवीत. रात्रीचा दिवा मात्र छतात नसे. तो जाड भिंतीतील दिवळीत, म्हणजे त्यासाठी सोडलेल्या लहान कोनाड्यात तेवे, आणि कोनाड्याची वरची कड काजळीने काळवंडून जाई.

पुढे सिमेंटच्या स्लॅबमुळे धाबे मागे पडले आणि अलीकडे स्लॅबखालच्या फॉल्स सीलिंगमध्ये एलईडी दिवे बसवले जाऊ लागले. तेथे उष्णतारोधक थर दिव्याला चिकटवून बसवला, तर दिव्याची उष्णता कोंडून त्याचे आयुष्य घटते. म्हणून थर कापून भोवती मोकळी जागा सोडावी लागते किंवा थराखाली झाकता येणारा खास दिवा निवडावा लागतो.