अक्षहृदय

गेल्या उन्हाळ्यांत छत्रपति संभाजीनगराहून आम्ही वेरूळास गेलों होतों. बरोबर आमचा चौदा वर्षांचा भाचा होता. एकविसाव्या लेण्यांत, ज्यास रामेश्वर म्हणतात, शिवपार्वती द्यूत खेळत बसल्याचें शिल्प आहे. खालच्या बाजूस नंदीभोवतीं गण जमून त्याची छेड काढीत आहेत. शिल्पकारांस हा प्रसंग फार आवडलेला दिसतो, कारण रावणाची खाई म्हणून प्रसिद्ध असलेल्या चौदाव्या लेण्यांत व एकोणतिसाव्या धुमार लेण्यांतहि तो कोरलेला आहे. पुराणकथेप्रमाणें या डावांत शंकर सर्वस्व हरतो. भाच्यानें बराच वेळ त्या पाषाणाकडे पाहिलें आणि विचारलें, “मामा, शंकर त्रिकालज्ञ ना? मग पुढचें दान काय पडणार हें त्याला ठाऊक नव्हतें का? आणि ठाऊक असून खेळला, तर ती लबाडी नव्हे का?”

हा प्रश्न भक्तीपोटीं निघाला नव्हता. त्याच आठवड्यांत त्याच्या जिवलग मित्रानें त्यास ‘शकुनि’ म्हणून भर वर्गांत हिणवलें होतें व दोघांचें बोलणें बंद झालें होतें. भांडणाचें मूळ एक जपानी खेळ होता. ‘पोकेमॉन’ या नांवाचा हा खेळ सातोशी ताजिरी यांच्या ‘गेम फ्रीक’ मंडळीनें १९९६ सालीं प्रथम बाजारांत आणला. रानांत हिंडावें, नाना तऱ्हेचे अद्भुत प्राणी पकडावे, वाढवावे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशीं झुंजवावे, असा त्याचा थाट. १९९९ पासून त्यांत क्वचित् निराळ्या रंगाचा प्राणी भेटूं लागला. मुलें त्यास ‘शायनी’ म्हणतात. पुढें कित्येक वर्षें असा प्राणी भेटण्याची शक्यता ८,१९२ मध्यें एक होती. मित्र महिनोन् महिने त्याच्या शोधांत होता. आमच्या चिरंजीवांनीं तो एका रविवारीं दुपारीं, घड्याळ समोर ठेवून, ठरल्या क्षणीं कळ दाबून पकडला.

हें त्यानें कसें साधलें तें आम्हांस त्याजकडून शिकावें लागलें, आणि शिकतां शिकतां वनपर्वांतील नलोपाख्यान पुन्हां उघडावें लागलें.

त्या उपाख्यानांतील एक प्रसंग वाचक बहुधा भराभर ओलांडून पुढें जातात. राज्य हरलेला नल बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथि झाला आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे विदर्भाकडे, कुंडिनपुरास निघाले आहेत. परंपरा तें नगर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यांतील कौंडिण्यपूर असें मानते. वाटेंत एक बेहड्याचा वृक्ष लागतो. राजा रथांतूनच त्याकडे एक दृष्टि टाकतो आणि सांगतो कीं, याच्या दोन शाखांवर पांच कोटि पानें व दोन हजार पंचाण्णव फळें आहेत. नलास हें खरें वाटत नाहीं. तो रथ थांबवतो, वृक्ष पाडतो, मोजतो. संख्या बरोबर निघते. तेव्हां ऋतुपर्ण म्हणतो कीं आपणांस अक्षहृदय ठाऊक आहे, म्हणूनच गणनाहि अवगत आहे. मग अश्वहृदयाच्या मोबदल्यांत तो ती विद्या नलास देतो, आणि तिच्या प्रभावानें नलाच्या देहांतून कलि बाहेर पडतो.

वृक्षाचीं फळें मोजण्याचा आणि फांसे जिंकण्याचा संबंध काय? आमच्या शाळेंतील शास्त्रीबुवा ‘दिव्य विद्या’ म्हणून पुढें जात. परंतु १९०७ सालीं हाइन्रिख ल्यूडर्स या जर्मन पंडितानें प्राचीन भारतीय द्यूतावर जो ग्रंथ लिहिला, त्यावरून या गांठीची उकल होते. वैदिक काळचे अक्ष हे चौकोनी फांसे नव्हते. तीं बेहड्याचींच फळें होतीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील जुगाऱ्याच्या सूक्तांतहि त्यांचाच उल्लेख आहे. राशींतून मूठभर फळें उचलावयाचीं आणि चारचारांचे गट पाडावयाचे. बाकी उरली नाहीं तर कृत, तीन उरल्यास त्रेता, दोन उरल्यास द्वापर, एकच उरल्यास कलि. ज्याला कृत साधलें तो जिंकला. म्हणजे या द्यूतांत दान ‘पडत’ नसे, तें बाकीच्या रूपानें निघत असे. आणि ज्याच्या नजरेस राशींतील संख्या तत्काळ भरते, त्याला किती उचलावीं हें आधींच कळतें. ऋतुपर्णाची गणना आणि त्याचें अक्षहृदय या दोन विद्याच नव्हेत, एकच आहे. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञानें संभवशास्त्राच्या उदयावरील आपल्या १९७५ सालच्या ग्रंथांत या कथेची आवर्जून दखल घेतली आहे. आमच्याकडे मात्र ती अजून आख्यानाच्या पुड्यांत बांधलेलीच राहिली.

‘बाकी’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पोकेमॉनचें सारें दैव बाकीवरच चालतें.

गणकयंत्राच्या ठिकाणीं लहर नाहीं. सांगितलें तेवढेंच तें करतें. मग त्यानें फांसे टाकावे कसे? १९४९ सालीं अमेरिकेंत या प्रश्नाचीं दोन उत्तरें पुढें आलीं. जॉन फॉन नॉयमन यांचें म्हणणें असें कीं, चार अंकी संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, मधले चार अंक उचलावे व पुन्हां तेंच करावें. युक्ति सुटसुटीत, पण फसवी. ६१०० घेऊन पाहा: वर्गाच्या मधून २१०० निघतात, त्यांतून ४१००, त्यांतून ८१००, आणि त्यांतून पुन्हां ६१००! घाण्याच्या बैलासारखा फेरा. योगायोग असा कीं याच १९४९ सालीं आमच्या देवळालीच्या शाळेंतील गणितशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं मद्रासच्या गणितपरिषदेंत आपला ६१७४ हा अंक जाहीर केला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानें व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करा, पुनःपुन्हां करा. सातांच्या आंत ६१७४ वर येऊन थांबाल. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जें कापरेकरांस रत्न वाटलें, तेंच फॉन नॉयमन यांच्या रीतींतील किडणें होतें. अंक कोठें तरी स्थिरावणें हें गणितज्ञाचें सुख, आणि फांसे करणाऱ्याचें दुःख.

दुसरें उत्तर डी. एच. लेमर यांचें. संख्येस एका ठराविक अंकानें गुणावें, मोठ्या अंकानें भागावें, बाकी ठेवावी, आणि त्या बाकीवर पुन्हां तेंच करावें. पुढें त्यांत थोडें मिळवण्याची रीत पडली. लहान उदाहरण घेऊं: पांचानें गुणा, तीन मिळवा, सोळानें भागून बाकी घ्या. शून्यापासून निघाल्यास ०, ३, २, १३, ४, ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९ असे सोळाहि अंक एकेकदां येऊन पुन्हां शून्य येतें. पाहणाऱ्यास क्रम अस्ताव्यस्त वाटतो. ज्याला रीत ठाऊक त्याला तो पाढ्याइतका स्पष्ट आहे. चौकस वाचकाच्या हेंहि लक्षांत येईल कीं, या रांगेंत सम आणि विषम अंक आलटून पालटून येतात. म्हणजे संख्येचा खालचा भाग फार लवकर चाल ओळखूं देतो. म्हणूनच पोकेमॉनच्या कर्त्यांनीं वरचाच अर्धा भाग वापरला.

त्यांचा गुणक १,१०३,५१५,२४५, मिळवणी २४,६९१, आणि भाजक ४,२९४,९६७,२९६. आमच्या भाच्यास हे अंक परवचासारखे पाठ आहेत. २००२ नंतरच्या ‘रूबी’, ‘सॅफायर’ वगैरे आवृत्त्यांत यंत्र दर सेकंदास सुमारे साठ वेळां ही क्रिया करतें, आपण खेळत असूं वा नुसते बसलों असूं. या गतीनें साऱ्या चार अब्ज संख्या एकदां फिरून येण्यास सव्वादोन वर्षें पुरतात. त्या जगांतील दैवाचा संपूर्ण सांठा एवढाच. प्राण्याचा स्वभाव, त्याचें बळ, त्याचा रंग हें सर्व ज्या क्षणीं कळ दाबली त्या क्षणींच्या संख्येवरून ठरतें. ८,१९२ मध्यें एक हें प्रमाण ऐकण्यास निराशाजनक आहे. पण सेकंदास साठ पावलें धरलीं तर निराळ्या रंगाचा प्राणी सरासरीनें दर सव्वादोन मिनिटांनीं आपल्या दारावरून जातच असतो. दार कोणत्या क्षणीं उघडावें एवढेंच ठाऊक नसतें.

तें ठाऊक व्हावयास आरंभींची संख्या, म्हणजे बीज, कळलें पाहिजे. २००४ सालच्या ‘एमराल्ड’ या आवृत्तींत कर्त्यांची चूक अशी झाली कीं, यंत्र सुरू करतांच बीज नेहमीं शून्यच असतें. मग दैव कसलें? दहा मिनिटांनीं छत्तीस हजाराव्या पावलाच्या आसपास काय येणार हें पंचांगाप्रमाणें आधींच मांडतां येतें. ‘रूबी’ व ‘सॅफायर’मध्यें कांडींतील विद्युत्घट संपला कीं बीज १४४० वर गोठतें, जुनें, मेलेलें यंत्र जाणत्याच्या हातीं अधिक मोलाचें, ही गंमतच. २००६ नंतरच्या ‘डायमंड’ व ‘पर्ल’मध्यें बीज घड्याळावरून घेतलें: महिना गुणिले तारीख, अधिक मिनिटें, अधिक सेकंद, याची एक बाजू, तास दुसरी, आणि वर्ष व सुरुवातीचा विलंब मिळून तिसरी. पंधरा ऑगस्टच्या सकाळीं तीस मिनिटें वीस सेकंदांवर खेळ सुरू करा, पहिली बाजू १२० अधिक ३० अधिक २० म्हणजे १७० येणारच. मुलें घड्याळ मागेंपुढें करून मुहूर्त साधतात. मुहूर्त हा शब्द आम्ही थट्टेनें वापरीत नाहीं. आमच्या पाहण्यांत खरोखर फळ देणारा मुहूर्त हाच पहिला.

कर्त्यांसहि हें कळलें. २०१० सालच्या ‘ब्लॅक’ व ‘व्हाइट’मध्यें तारीख, वेळ, यंत्राची खूण, दाबलेल्या कळा हें सारें कुटून त्यांतून बीज काढलें. जिज्ञासूंनीं तेंहि उलगडलें.

तर ही लबाडी कीं विद्या? आमच्या पूर्वजांनीं या दोहोंत भेद केलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष हा अधिकारी आहे; फांसे त्यानें पुरवावयाचे, आणि खेळणाऱ्यानें ते बदलले तर बारा पण दंड. दंड फांसे बदलण्यास आहे, मोजण्यास नव्हे. आमच्या प्रांतांत १८८७ सालीं झालेला जुगारप्रतिबंधक कायदाहि निव्वळ कौशल्याच्या खेळांस वगळतो. या कसोटीस लावल्यास अमेरिकेंतील एडी टिप्टन याचें कृत्य सरळ पहिल्या प्रकारांत पडतें. तो सोडत काढणाऱ्या मंडळाचाच नोकर. यंत्रांत त्यानें असा गुप्त मजकूर घातला कीं वर्षांतील ठराविक दिवशीं निघणारे अंक अगोदर ओळखतां यावे. २०१७ सालीं त्यास शिक्षा झाली. त्यानें फांसेच बदलले. आमच्या भाच्यानें यंत्रास हात लावला नाहीं. खेळ जो प्राणी कधीं तरी कोणास तरी देणारच होता, तोच त्यानें घेतला. म्हणूनच त्याच्या प्राण्यावर चोरीची कसलीच खूण सांपडत नाहीं.

आम्ही त्यास दोषमुक्त करणार होतों, इतक्यांत नलाचा शेवटचा डाव आठवला. विद्या शिकून नल निषधास परत येतो, पुष्करास आव्हान देतो, आणि आपण पुष्कळ धन मिळवून आलों आहों, पुन्हां खेळूं, एवढेंच त्यास सांगतो. अक्षहृदयाचें नांव काढीत नाहीं. एकाच डावांत तो सर्व परत जिंकतो. मग पुष्करास जीवदान देतो, त्याचा वांटा देतो, प्रेमानें निरोप देतो. पण खेळापूर्वीं बोलला नाहीं तो नाहींच. शकुनीच्या कपटाची रीत तरी व्यासांनीं कोठें फोड करून सांगितली आहे? बापाच्या अस्थींचे फांसे ही मागाहूनची लोककथा. न सांगितलेल्या विद्येपुरतें पाहिलें तर धर्मात्मा नल आणि कपटी शकुनि हे फार जवळ येऊन उभे राहतात, आणि हें आम्हांस त्या दिवसापर्यंत कधीं सुचलें नव्हतें.

यंत्राशीं एकटा खेळत असतां भाच्याचें कांहीं चुकलें नाहीं, असें आमचें मत आहे. पण तो प्राणी घेऊन तो मित्रासमोर बसला आणि ‘नशीब’ म्हणाला. तो एक शब्द खोटा होता. आम्हीं त्यास तसें स्पष्ट सांगितलें. तो रागावला, परतीच्या वाटेवर दौलताबादेचा घाट उतरेपर्यंत एक अक्षर बोलला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्यानें वहींतलीं दोन पानें फाडलीं, त्यांवर गुणक, मिळवणी, बीज आणि पावलांचा तक्ता उतरून काढला व मित्राच्या घरीं नेऊन दिला. मित्रानें पानें वाचलीं, दोन शंका विचारल्या, उदाहरण करूनहि पाहिलें. मग घडी घालून परत केलीं. “समजलें,” तो म्हणाला, “पण मी असाच शोधणार.” आतां दोघे रोज संध्याकाळीं आमच्या ओसरीवर बसतात. एकाच्या हातांत घड्याळ असतें. दुसऱ्याची गणती, आज विचारलें तेव्हां, ५,३०० च्या पुढें गेली होती, आणि अजून कांहीं भेटलें नव्हतें.